मोहल्ल्याचा आवाज कोण निवडतो?

चांद्र कालगणनेमुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. मे-जूनच्या उन्हातून सरकत तो आता फेब्रुवारी-मार्चपर्यंत आला आहे आणि नेमके हेच दिवस महाविद्यालयांत प्रकल्प पूर्ण करण्याचे असतात. पत्रकारिता, जनसंवाद आणि चित्रपटकलेचे विद्यार्थी पाच-दहा मिनिटांच्या लघुपटासाठी विषय शोधत असतात. रमजान त्यांना आयता सापडतो. संध्याकाळ झाली की मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीत, पुण्यात मोमीनपुऱ्यात, सोलापुरात विजापूर वेशीत कॅमेरे घेतलेली मुले-मुली दिसू लागतात. कढईतले मालपुवे, खजुरांचे ढीग, शेवया-फेण्यांची दुकाने, वजूचे पाणी, दुवेसाठी उचललेले हात असे सगळे टिपून घेतले जाते. रोजेदारही त्यांना अडवत नाहीत. उलट इफ्तारची वेळ झाली की एक खजूर त्यांच्याही हातावर ठेवतात.

पुढचे काम बंद खोलीत, संगणकासमोर होते. दोन-तीन तासांच्या चित्रणातून आठ मिनिटे काढायची असतात. प्रकल्प देण्याची तारीख उद्यावर आलेली असते. दृश्ये एकामागे एक लावून झाली की काहीतरी कमी आहे असे वाटू लागते, आणि ती उणीव भरून काढायला संगीत शोधले जाते. इंटरनेटवरच्या फुकट संगीताच्या साठ्यात ‘अरेबियन’, ‘इस्लामिक’ किंवा ‘मिडल ईस्ट’ असा शब्द टाकला की शेकडो तुकडे समोर येतात. ऊदची तार, वाळवंटी बासरी, कुणा अनोळखी बाईचा लांबलेला आलाप. त्यातला एक उचलून संपूर्ण लघुपटाखाली पसरला की काम झाले.

इथेच एक गोष्ट घडते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खेडचा शिलाईकाम करणारा माणूस, जो घरात कोकणी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो आणि ज्याने आयुष्यात वाळवंट पाहिलेले नाही, तो त्या आठ मिनिटांत परदेशी होऊन जातो. त्याचे शब्द कुणी बदललेले नसतात, चेहरा बदललेला नसतो. बदललेला असतो तो फक्त त्याच्या मागचा आवाज.

एकच दृश्य, तीन माणसे

चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी कुलेशोव्हचा प्रयोग शिकवला जातो. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभरएक वर्षांपूर्वी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य घेतले आणि त्याला वेगवेगळी दृश्ये जोडली. सुपाच्या वाडग्याशेजारी तो चेहरा भुकेला वाटला, शवपेटीशेजारी दुःखी. चेहरा एकच होता, अर्थ शेजारच्या दृश्याने दिला. संकलनाची सगळी ताकद या एका उदाहरणात सांगता येते.

संगीताचेही तसेच आहे. किंबहुना संगीताचे काम अधिक गुपचूप चालते, कारण प्रेक्षक डोळ्यांनी पाहिलेल्यावर शंका घेतो, कानावर पडलेल्यावर क्वचितच. समजा, पहाटेच्या अंधारात दाढी राखलेला, टोपी घातलेला एक तरुण गल्लीतून मशिदीकडे चालला आहे. त्याखाली खोल, घुमणारा एकच स्वर लावला की पाहणारा सावध होतो. हा कुठे चालला आहे, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. त्याच दृश्याखाली संतूर लावले की तरुण संतपदाला पोहोचतो. आणि काहीच न लावता त्याच्या चपलांचा आवाज, एका खिडकीतून आलेली कुकरची शिट्टी आणि दूधवाल्याने त्याला मारलेली हाक एवढेच ठेवले, तर तो शेजारच्या इमारतीत राहणारा एक मुलगा असतो. सहरी आटोपून फजरच्या नमाजला निघालेला, अजून झोप न गेलेला.

पहिल्या संगीताने संशय पेरला, दुसऱ्याने देव्हाऱ्यात बसवले. माणूस म्हणून भेटवले ते फक्त तिसऱ्याने. हे तिन्ही पर्याय विद्यार्थ्याच्या संगणकावर एका मिनिटाच्या अंतरावर असतात. त्यातला कोणता निवडायचा, हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण तो तेवढाच नाही.

यात केवळ बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचा दोष आहे असेही समजू नये. मोहल्ल्यातलीच मुले-मुली जेव्हा आपल्या घराचा लघुपट करतात, तेव्हा तीही बरेचदा तोच ऊद लावतात. दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांनी आणि मोठ्या चित्रपटांनी मुसलमान पडद्यावर आला की काय वाजायचे, हे इतक्यांदा ऐकवले आहे की आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातही तेच वाजत असावे असे त्यांना वाटू लागते. ऐकीव सवय ही डोळ्यांदेखत दिसणाऱ्या घरापेक्षा बलवान ठरते.

संगीताआधी ऐकायचे काय?

जाणते संकलक नवशिक्यांना एक साधा क्रम सांगतात. पहिली जुळणी संगीताशिवाय करायची. ती पाहायची. मग ठिकाणाचे आवाज बसवायचे. पुन्हा पाहायचे. त्यानंतरही एखाद्या जागी खरोखर उणीव राहिली, तर तेवढ्याच जागी संगीताचा विचार करायचा.

या क्रमाला कारण आहे. संकलनाच्या सुरुवातीलाच तात्पुरते म्हणून एखादे गाणे लावले, की दृश्ये त्या गाण्याच्या ठेक्यावर कापली जाऊ लागतात. बोलणाऱ्या माणसाने घेतलेला श्वास, उत्तरापूर्वीचा विचार, नजर वळवणे हे सगळे ठेक्यात बसत नाही म्हणून छाटले जाते. दोन दिवस तेच गाणे ऐकल्यावर ते दृश्याचाच भाग वाटू लागते आणि मग दुसरे काहीच पटत नाही. तात्पुरते म्हणून आलेले गाणे असे घरमालक होऊन बसते.

शिवाय ठिकाणाचे आवाज हवे असतील, तर ते चित्रणाच्या दिवशीच गोळा करावे लागतात. जिथे चित्रण झाले, त्या खोलीचा कुणी बोलत नसतानाचा आवाज किमान अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावा, असा ध्वनिमुद्रणाचा नियम आहे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पंख्याची, नळाची, रस्त्याची. संवादांचे दोन तुकडे जोडताना मधली फट त्याच शांततेने भरावी लागते, नाहीतर कानाला खड्डा जाणवतो. अनेक विद्यार्थी-लघुपटांत संगीत इतके दाट असते, त्याचे खरे कारण सौंदर्यदृष्टीत नसते. आवाज नीट घेतलेले नसतात आणि ते खड्डे संगीताने बुजवले जातात.

रमजानच्या लघुपटात तर या शांततेचे मोल फार आहे. इफ्तारपूर्वीची दोन मिनिटे आठवावीत. दस्तरखान अंथरलेले आहे. खजूर, कापलेली फळे, भजी, सरबताचे पेले मांडलेले आहेत. सगळे बसलेले आहेत आणि कुणीच खात नाही. एखाद्या लहानग्याचा हात भज्याकडे जातो आणि आईच्या नजरेने मागे येतो. कुणी पुटपुटत दुवा मागतो, कुणी घड्याळाकडे पाहतो. मग कुठे भोंगा होतो, कुठे मशिदीतून अजान येते, आणि पहिला खजूर तोंडात जातो. त्यानंतर काही क्षण कुणीच बोलत नाही. पेल्यांचा, पाणी गिळण्याचा तेवढा आवाज.

रोजा म्हणजे काय, हे निवेदनाच्या दहा वाक्यांपेक्षा ही दोन मिनिटे अधिक चांगले सांगतात. समोर अन्न असताना थांबणे, आणि सगळ्यांनी मिळून थांबणे. त्या दोन मिनिटांखाली सुरुवातीपासून गहिवरलेले व्हायोलिन लावले, तर प्रेक्षकाला काय वाटायला हवे ते आधीच सांगून टाकल्यासारखे होते. त्याला थांबावेच लागत नाही. दृश्यातली माणसे रोजा सोडण्याची वाट पाहत असतात आणि संगीताने तो आधीच सोडलेला असतो.

अजान हे पार्श्वसंगीत नव्हे

आणखी एक चूक अशा लघुपटांत वारंवार दिसते. अजान किंवा कुराणाची तिलावत दृश्यांखाली चाल म्हणून वापरली जाते. कानाला गोड वाटते, वातावरण तयार होते, आणि तीस सेकंद भरायची असतात म्हणून तीस सेकंदांवर ती तोडली जाते.

तिलावत करताना कुठे थांबावे आणि कुठे थांबू नये, याचे नियम आहेत, कारण चुकीच्या जागी थांबल्यास अर्थ बदलतो. ‘नमाजच्या जवळ जाऊ नका’ एवढ्यावर वाक्य तोडले, तर नशेच्या अवस्थेविषयी जे सांगितले आहे ते गळून पडते आणि भलताच अर्थ उरतो, हे उदाहरण मदरशांत मुलांना आवर्जून दिले जाते. संगणकावर सेकंद मोजून कापणाऱ्याला ही कल्पनाही नसते. म्हणून तिलावत घ्यायचीच असेल, तर संकलन झाल्यावर मशिदीच्या इमामांना किंवा एखाद्या हाफिजला ती दोन मिनिटे ऐकवावीत. हा सेन्सॉर नव्हे. उर्दू किंवा तमिळ संवाद असलेला तुकडा ती भाषा जाणणाऱ्याला दाखवून घ्यावा, इतकी ती साधी दक्षता आहे.

अजानचेही तसेच. फजरच्या अजानमध्ये झोपेपेक्षा नमाज उत्तम, अशा अर्थाचे एक वाक्य जास्तीचे असते. इतर चार वेळच्या अजानमध्ये ते नसते. इंटरनेटवरून उतरवलेली फजरची अजान एखादा विद्यार्थी संध्याकाळच्या इफ्तारवर लावतो, तेव्हा वर्गात ते कुणाच्या ध्यानात येत नाही. मोहल्ल्यात मात्र तो लघुपट दाखवला, तर दहा वर्षांचे मूलही हसेल. शिवाय आपल्या मशिदीतल्या मुअज्जिनचा आवाज तिथली मुले डोळे मिटूनही ओळखतात. तो काढून तिथे इस्तंबूलचा किंवा मक्केचा आवाज घातला, तर त्या गल्लीचा पत्ताच बदलतो.

आवाज लावण्याइतकेच तो काढणेही विचारपूर्वक करता येते, याचे एक उदाहरण इराणच्या चित्रपटात आहे. अब्बास किआरोस्तामी यांनी 1989 मध्ये ‘होमवर्क’ हा माहितीपट केला. त्यात शाळेच्या मैदानात मुले एका धार्मिक कार्यक्रमासाठी रांगेत उभी आहेत, पण मुलेच ती, त्यांची मस्ती चालू आहे. विधीचा मान राखण्यासाठी या ठिकाणी आवाज काढून टाकत आहोत, असे निवेदनात सांगितले जाते आणि पडद्यावर ती मुले निःशब्द हलत राहतात. मान राखण्याची ही कृती पाहताना प्रेक्षक मुलांकडे अधिकच लक्ष देऊ लागतो. एकही वाद्य न लावता संकलनाने जे साधायचे ते साधले आहे.

संगीताविषयी मुस्लिम समाजात एकच मत नाही, हेही ध्यानात ठेवावे. दर्ग्यांत कव्वालीची मोठी परंपरा आहे. काही कुटुंबे वाद्ये टाळतात, पण वाद्याशिवाय म्हटलेली नात आवडीने ऐकतात. ज्या आजीबाईंच्या नमाजचे दृश्य घेतले, त्यांना त्याखाली गिटार वाजलेले चालेल का, हा प्रश्न त्यांनाच विचारणे सोपे असते. चित्रणाला परवानगी मागताना हे एक वाक्य वाढवले, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

तीस वर्षे थांबलेला विद्यार्थी-चित्रपट

आवाज कुणाचा निवडायचा आणि तो वापरण्याचा हक्क कुणाकडे असतो, हे दोन्ही प्रश्न एका विद्यार्थ्याच्या चित्रपटाने जगासमोर ठेवले आहेत. त्या चित्रपटाचे नाव ‘किलर ऑफ शीप’. दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट.

बर्नेट लॉस एंजलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढले. कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण घेताना त्यांनी आपल्याच वस्तीवर चित्रपट करायचे ठरवले. 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात, मुख्यतः शनिवार-रविवारी, ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन त्यांनी कृष्णधवल 16 मिलिमीटर फिल्मवर चित्रण केले. लेखन, चित्रण, संकलन सगळे त्यांचेच. खर्च दहा हजार डॉलरपेक्षाही कमी. 1977 मध्ये हा चित्रपट पदव्युत्तर पदवीचा प्रबंध म्हणून सादर झाला. कथा म्हणावी तर फार काही नाही. स्टॅन नावाचा माणूस कत्तलखान्यात काम करतो, थकून घरी येतो, झोपू शकत नाही. बायको आहे, मुले आहेत. पैसे पुरत नाहीत, पण इमानाने कमावलेले आहेत.

त्या काळी पडद्यावर कृष्णवर्णीय वस्ती आली की गुन्हेगारी आणि मारामारी येत असे आणि तिला साजेसे संगीतही ठरून गेलेले असे. बर्नेट यांनी ते घेतले नाही. त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलेले ब्लूज, जॅझ, जुनी गाणी त्यांनी निवडली. रिकाम्या जागी, धुळीत खेळणाऱ्या मुलांच्या दृश्यावर त्यांनी पॉल रोबसन यांचे देशाविषयीचे एक भारदस्त गाणे ठेवले. देश म्हणजे काय याचे गाण्यातले वर्णन आणि समोरची धूळ यांतले अंतर प्रेक्षक स्वतःच मोजतो. दुसऱ्या एका दृश्यात डायना वॉशिंग्टन यांचे गाणे वाजत असते आणि स्टॅन व त्याची बायको खिडकीजवळ संथपणे नाचतात. ती त्याला जवळ ओढू पाहते, तो हळूच सुटून निघून जातो. संवाद नाही. थकवा घरात कसा शिरतो, हे त्या एका गाण्याच्या अवधीत कळते.

पण ही गाणी वापरण्याची परवानगी बर्नेट यांनी घेतलेली नव्हती. वर्गासाठी केलेला चित्रपट, त्याला कशाला परवानगी लागते, असेच तेव्हा कुणालाही वाटले असते. पुढे चित्रपटाची कीर्ती वाढली. 1990 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्यासारख्या देशाच्या ठेव्यात, त्याची निवड झाली. तरीही चित्रपटगृहात तो रीतसर लावता येत नव्हता, कारण गाण्यांचे हक्क मोकळे नव्हते. अखेर 2007 मध्ये तो प्रदर्शित झाला. तोवर तीस वर्षे उलटली होती. गाण्यांच्या हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले, म्हणजे चित्रपट करायला लागले होते त्याच्या पंधरापट. एका गाण्याचे हक्क तेव्हाही मिळाले नाहीत आणि शेवटच्या दृश्यातले ते गाणे बदलावे लागले.

बर्नेट यांची निवड अचूक होती. त्या गाण्यांशिवाय तो चित्रपट उभाच राहिला नसता. ज्या वस्तीसाठी त्यांनी ते आवाज निवडले, त्या वस्तीतल्या एका पिढीला मात्र तो चित्रपट चित्रपटगृहात पाहता आला नाही. संगीत निवडताना एक कागद करायचा राहून गेला, त्याची ही किंमत.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

भारतात 1957 चा कॉपीराइट कायदा लागू आहे. महाविद्यालयाच्या कामकाजाचा भाग म्हणून, तिथले शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढ्याच प्रेक्षकांपुढे एखादी कृती सादर करण्यास त्यात काही सवलती आहेत. मात्र तोच लघुपट महोत्सवाला पाठवला किंवा यूट्यूबवर टाकला की तो त्या चौकटीबाहेर जातो. तीस सेकंदांपेक्षा कमी गाणे वापरले तर चालते, ही समजूत वसतिगृहांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कायद्यात असा तीस सेकंदांचा नियम नाही.

एका गाण्यात हक्क अनेक असतात, हेही समजून घ्यावे. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षांनी त्याचा हक्क संपतो. शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ‘प्यासा’ 1957 चा. त्यातल्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे भरली आहेत. पण सचिन देव बर्मन 1975 मध्ये आणि साहिर लुधियानवी 1980 मध्ये गेले. म्हणजे चालींची मुदत 2035 पर्यंत आणि शब्दांची 2040 पर्यंत. जुने गाणे आहे म्हणून ते सर्वांचे झाले, असे होत नाही.

इंटरनेटवर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली मिळणारे संगीत विद्यार्थ्यांना सोयीचे असते, पण त्याचेही प्रकार आहेत. काहींत फक्त संगीतकाराचे नाव देणे पुरते. काहींत व्यावसायिक वापराला मनाई असते. काहींत मूळ कृतीत बदल करण्यास मनाई असते, आणि या परवान्याच्या नियमांप्रमाणे चित्रासोबत संगीत जुळवणे हाही बदलच मानला जातो. म्हणजे त्या प्रकारचे संगीत फुकट ऐकता आले, तरी लघुपटाला लावता येत नाही. फुकट हा शब्द वाचून पुढचे न वाचणाऱ्यांची इथे गफलत होते.

मशिदीत किंवा घरात एखाद्या मुलाने म्हटलेली नात मुद्रित केली, तर त्या गळ्यालाही हक्क आहे. सादरकर्त्याचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. मूल अठरा वर्षांखालचे असेल, तर आई-वडिलांची लेखी संमती घ्यावी. नात कुणी लिहिली, हे विचारावे. श्रेयनामावलीत मुलाचे नाव लिहावे. एका पानाचा कागद, दोन सह्या आणि तारीख एवढे पुरते.

ऊद सोडून काय आहे?

अरबी वाद्य टाळायचे, तर मग घ्यायचे काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा आवाज शोधायला फार लांब जावे लागत नाही. पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन मैदाने गाजवणारे शाहीर अमर शेख बार्शीचे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत अभंग रचले. दख्खनच्या बायकांनी जात्यावर म्हटलेल्या सुफी वळणाच्या रचनांना चक्कीनामा म्हणत. डफ, जाते, शाहिरी, अभंग हा सगळा याच मातीतला ठेवा आहे.

मिरजेचे उदाहरण अधिक बोलके आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. 2024 मध्ये तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 मध्ये ते गेले आणि तिथल्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या हयातीत निघालेल्या ध्वनिमुद्रिकांची साठ वर्षांची मुदत केव्हाच संपली आहे. मिरजेच्या एखाद्या वाद्यकारागिराच्या रमजानवर कुणी लघुपट केला, तर रोजा ठेवून दिवसभर जवारी काढणारा कारागीर, घोडीवर फिरणारी कानस, मध्येच तार छेडून पाहताना उमटणारा स्वर हेच त्याचे संगीत होईल. खाँसाहेबांचा एखादा आलाप तिथे आला, तर तो आपल्या गावी आल्यासारखा वाटेल. तोच आलाप मोहम्मद अली रोडवरच्या मालपुव्यांवर लावला, तर मात्र तोही ऊदइतकाच परका ठरेल. फुकट मिळतो आणि मुसलमान गायकाचा आहे, एवढे कारण पुरेसे नाही.

संगीत दृश्याच्या आतून कसे येते, याचा धडा सत्यजित राय यांनी 1955 च्या ‘पथेर पांचाली’त घालून दिला आहे. दुर्गा गेली आहे हे माहीत नसलेला बाप तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो आणि आईचा बांध फुटतो. तिचे रडणे आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा टाहो ऐकू येतो. वाद्याने तिथे सजावट केलेली नाही, आईचा गळा घेतला आहे. मराठीत ‘फँड्री’मध्ये डुक्कर पकडण्याची धावपळ ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि ते दलित कुटुंब जागच्या जागी उभे राहते. तो आवाज बाहेरून आणून चिकटवलेला नाही, त्या गावात त्या वेळी जो वाजतो तोच आहे. म्हणूनच तो प्रेक्षकाला इतका बोचतो.

विद्यार्थ्याकडे रविशंकर नसतात आणि नागराज मंजुळेंचा अनुभवही नसतो. पण वर्गात कुणीतरी पेटी वाजवणारा असतो, कुणाची बहीण गाणारी असते, कुणाला डफ येतो. अशा मित्राला संगीताशिवायची जुळणी दाखवावी आणि कुठे काही वाजायला हवे का, हे त्याला विचारावे. चांगला वादक पुष्कळदा सांगतो की, इथे काही नको. ते उत्तर फुकट मिळालेल्या दहा चालींपेक्षा मोलाचे असते.

शेवटी लघुपट तयार झाला की तो आधी त्या मोहल्ल्यात दाखवावा. मोठा पडदा नसला तरी चालेल. ज्या दुकानात चित्रण झाले, तिथे तरावीहनंतर चार माणसे जमतात, एका फोनवरही ते होते. फोनच्या छोट्या स्पीकरवर संगीताखाली संवाद दबतात की नाही, हेही तेव्हाच कळते. पाहणाऱ्यांना अभिप्राय मागू नये, फक्त त्यांच्याकडे पाहावे. आपल्या गल्लीचा आवाज ओळखीचा वाटला, तर माणसे पडद्याकडे बोट दाखवून बोलू लागतात. हा सलीमभाईंच्या शटरचा आवाज, ही आपल्या मुअज्जिनसाहेबांची अजान. आणि आवाज परका असेल, तर ती शांतपणे, सभ्यपणे शेवटपर्यंत बघतात आणि छान झालाय म्हणून उठतात. प्रकल्प सादर करायला एक दिवस उरलेला असला, तरी त्या सभ्यपणाचा अर्थ ओळखून पुन्हा संगणकासमोर बसणे शक्य असते.